पीकरक्षणासाठीं पहिली बंदूक कोणती घ्यावी ?

ज्वारी हुरड्यास आली आणि मका कणसावर आला कीं रानडुकरांचा व रोह्यांचा उपद्रव सुरू होतो, आणि त्याच सुमारास तरुण खातेदार आम्हांस विचारूं लागतात कीं, बंदूक घ्यावयाची आहे, तर कोणती घ्यावी ? यांपैकीं बहुतेकांच्या मनांत आधींच रायफल बसलेली असते. शहरांतील दुकानीं काचेच्या कपाटांत दुर्बीण लाविलेली रायफल पाहिलेली असते, व तिच्या मागोमाग एखाद्या चितळाचाहि विचार मनांत डोकावून गेलेला असतो. म्हणून हरणाची गोष्ट प्रथम निकालांत काढणें बरें.

चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा यांपैकीं कोणत्याहि जनावराची हौसेखातर शिकार करण्यास कायद्यानें आतां मुळींच मुभा नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत आरंभीं परवाना काढून कांहीं जनावरांची शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनें ती काढून टाकण्यांत आली. आजोबांनीं मारलेल्या सांबराचीं शिंगें ओसरीवर टांगलेलीं असलीं म्हणून नातवास तो हक्क पोंचत नाहीं. काळवीट तर पहिल्या अनुसूचींत आहे. तें पीक खातें एवढ्याच कारणावरून त्यास मारण्याची परवानगी मिळत नाहीं. रानडुक्कर व नीलगाय, म्हणजे आपलें रोही, हीं दुसऱ्या अनुसूचींत असल्यामुळें उभ्या पिकास धोका झाल्यास कलम ११ प्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अंमलदार यांची लेखी आज्ञा मिळूं शकते. अशा आज्ञेनें मारलेलें जनावरहि सरकारची मालमत्ता ठरतें, शेतकऱ्याची नव्हे. तात्पर्य, कागद दोन निरनिराळे आहेत. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना होय. जनावर मारण्याची आज्ञा ही वेगळी असून तीसाठीं वनखात्याच्या कचेरींत वेगळाच अर्ज करावा लागतो. या दोहोंतील भेद न समजल्यामुळें चांगल्या घरचे लोक कोर्टाच्या पायऱ्या चढतांना आम्हीं पाहिले आहेत.

आतां बंदुकीकडे वळूं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमांत शेतकऱ्यासाठीं एक विशेष तरतूद आहे. खरोखरीच्या पीकरक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितल्यास, दुसरी कांहीं कायदेशीर आडकाठी नसल्यास, तो देण्यांत यावा. आणि ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येईल, असा तिचा आशय आहे. रायफलीचें नांव त्यांत नाहीं. रायफल मागणारास योग्य कारण स्वतंत्रपणें पटवून द्यावें लागतें. अर्जदाराचें वय २१ वर्षें पुरें पाहिजे. २०१६ च्या नियमांनीं शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला व वैद्यकीय दाखला हेहि लागू केले आहेत. शिक्षणाचा हा दाखला पुष्कळांस जाच वाटतो. आम्हांस तो सर्व नियमांत शहाणपणाचा वाटतो.

कायदा बाजूस ठेवला तरी रायफल आपल्या शेतास सोयीची नाहीं. तिच्या नळीस आंतून पेंचदार खांचा असतात, त्यांमुळें गोळी फिरत सरळ व लांब जाते. आपल्याकडे सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल मिळते. तिची गोळी मैलाहून अधिक जाते. लहानग्या .२२ ची गोळीहि, नळी वर उचललेली असल्यास, मैलभर जाऊं शकते. डोंगराळ निर्जन मुलखांत ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे बांधाला बांध लागलेला, मध्यें वस्त्या, पलीकडे सडक. शिवाय विजेची पाळी रात्रींची असली म्हणजे मध्यरात्रींहि शेतांत माणसें पाणी धरीत असतात.

छऱ्याच्या बंदुकीचें तसें नाहीं. छर्रा किती दूर जाईल याचा एक ढोबळ हिशेब असा आहे कीं, त्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नें गुणावें, म्हणजे अंतर यार्डांत येतें. सहा नंबरचा बारीक छर्रा सुमारे ०.१० इंचाचा, म्हणून तो सव्वादोनशे यार्डांच्या आसपास पडतो. डुकरासाठीं वापरतात तो एस. जी. छर्रा एक तृतीयांश इंचाचा. तो मात्र सातशे यार्डांपर्यंत जातो, हें विसरूं नये. जनावर जागीं पडण्याइतका जोर व दाटी मात्र ३५-४० यार्डांपर्यंतच राहते. त्यापुढें बार काढणें म्हणजे डुक्कर जखमी करून शेजाऱ्याच्या उसांत सोडणें होय, आणि जखमी डुक्कर काय करतें हें वाचकांस सांगावयास नको.

म्हणून नवशिक्यानें १२ बोअरची, मध्यें मोडून उघडणारी, एकनळी किंवा दुनळी बंदूक घ्यावी असें आमचें मत आहे. (नळींत नेमके बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड वजन भरतें, म्हणून १२ बोअर.) मोडून उघडतांच ती भरलेली आहे कीं रिकामी हें आंधळ्यासहि बोटानें चांचपून कळतें, हा तिचा मोठा गुण. दुकानीं ती खांद्यास लावून पाहावी. डोळे मिटून लाविली व उघडतांच नजर नळीच्या रेषेंत आली तर दस्ता आपल्या मापाचा समजावा.

ठासणीच्या बंदुकीस कांहीं बंधु हसतात, परंतु ती स्वस्त असते, व नुसता बार काढून जनावरें हुसकावण्यास पुरते. आवाजास डुकरें लौकर सरावतात हें खरें. तिचा दोष असा कीं, ती भरलेली आहे हें वरून दिसत नाहीं. त्यास उपाय म्हणून रिकाम्या नळींत गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशीं गजावर एक खूण करावी. पुढें गज घातला असतां ती खूण तोंडाच्या वर राहिली तर आंत बार आहे. टोपी फुटून बार न सुटल्यास तोंड निर्धोक दिशेस धरून निदान मिनिटभर थांबावें. उशिरां पेटलेल्या बारानें हात गेलेले आहेत.

जुनी बंदूक विकत घेणारानें किंवा वारशानें मिळालेली वापरणारानें दोन गोष्टी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्याव्या. नळीवर लाटांसारखी वेलबुट्टी दिसत असल्यास ती लोखंड व पोलाद पिळून केलेली दमास्कस नळी असावी. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठीं केलेल्या असून आजच्या काडतुसांच्या जोरानें फाटण्याचें भय असतें. दुसरें, जुन्या पुष्कळ बंदुकांचें काडतुसाचें घर अडीच इंचांचें असतें. त्यांत पावणेतीन इंचांचें काडतूस बसतें, म्हणूनच तें घातक. कारण तें उलगडण्यास पुढें जागा नसल्यामुळें दाब भलताच वाढतो.

वारशाच्या बंदुकीविषयीं आणखी एक. वडील वारल्यावर त्यांचा परवाना मुलाच्या नांवें आपोआप होत नाहीं. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग स्वतःच्या नांवें अर्ज करावा. माळ्यावर घोंगडींत गुंडाळून ठेविलेली बंदूक हा गुन्हा आहे, मग ती कितीहि वर्षें झाडली नसो.

आम्ही तालुका कचेरींत कारकून असतांना एका प्रकरणाचे कागद आमच्या हातून गेले, ते अजून आठवतात. एका खातेदारानें मक्यांत सळसळ ऐकून रात्रीं बार काढला. आंत शेजाऱ्याचा सालगडी बारें मोडावयास वाकला होता. तो वांचला, पण त्याचा गुडघा कायमचा गेला. परवाना, काडतुसें, नूतनीकरण, सर्व कांहीं नियमाप्रमाणें होतें. बॅटरीचा झोत तेवढा टाकून पाहिलेला नव्हता. जबाबांत खातेदारानें लिहून दिलें होतें कीं, "मला डुक्करच वाटलें." म्हणून सळसळीवर कधींहि बार काढूं नये, जनावर पुरतें दिसलें पाहिजे, आणि त्याच्या मागें काय आहे तेंहि. घोडा चढवून बांध ओलांडूं नये. परवाना ज्याच्या नांवाचा त्यानेंच बंदूक हातीं धरावी. गड्याच्या हातीं देऊन राखणीस पाठवूं नये. घरीं बंदूक एका कुलपांत व काडतुसें दुसऱ्या कुलपांत असावीं.

पावसाळ्यांत नळीस गंज फार लौकर धरतो. काळी दारू वापरल्यास त्याच दिवशीं नळी कढत पाण्यानें धुवून, कोरडी करून तेलाचें फडकें फिरवावें. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पांच वर्षांची आहे; ती संपण्याच्या पुष्कळ आधीं नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. निवडणुकीच्या वेळीं बंदुका जमा करण्याचा हुकूम होतो, व तो कित्येकदां नेमका सुगींतच येतो. त्या दिवसांसाठीं राखणीची दुसरी तजवीज आधींच करून ठेवावी. बंदूक जमा करतांना पावतींत नळीचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहून घ्यावी, आणि ती पावती परवान्याच्या पुस्तकांतच टांचून ठेवावी.