तज्ज्ञ साक्षीदाराचे काम

पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, मत देऊ नये, हा साक्षीदारासाठीचा सर्वसाधारण नियम. तज्ज्ञ त्याला अपवाद. १८७२च्या पुरावा कायद्यातले कलम ४५ परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांबाबत तज्ज्ञाचे मत विचारात घ्यायला परवानगी देई. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे काम कलम ३९ करते, आणि त्यात ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ही आले आहे.

पण मत देणे म्हणजे निकाल देणे नव्हे. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जखम किती खोल आहे, कशा हत्याराने होऊ शकते, हे सांगतील. आरोपी दोषी आहे का, हे ठरवणे न्यायाधीशांचे काम. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या १९९९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, निष्कर्षाची अचूकता पडताळण्याचे शास्त्रीय निकषही तज्ज्ञाने न्यायाधीशांपुढे ठेवले पाहिजेत. मला ही सर्वांत मोठी जबाबदारी वाटते. केवळ पदव्यांच्या जोरावर दिलेले मत उलटतपासणीत टिकू नयेच.

फी एका पक्षाने दिली तरी तज्ज्ञाचे इमान न्यायालयाशी असायला हवे. गैरसोयीची चाचणी दडवणे हा अन्यायच. नमुना अपुरा असेल, तर ‘यावरून सांगता येत नाही’ असे स्पष्ट म्हणावे. त्यावर कुणाचा तरी तुरुंगवास अवलंबून असतो. काही सरकारी शास्त्रीय तज्ज्ञांचा अहवाल मात्र ते हजर नसतानाही पुरावा म्हणून वापरता येतो. गरज वाटल्यास न्यायालय त्यांना बोलावून प्रश्न विचारू शकते.