वाळ्याची मुळी : तिचे गुण आणि तिची मर्यादा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उटणे भिजविले की घरभर एक थंड, मातकट सुगंध दरवळू लागतो. उटण्यात नागरमोथा, कचोरा, आंबेहळद अशी अनेक चूर्णे असतात. परंतु हा विशिष्ट गंध असतो वाळ्याचा. सर्वांच्या परिचयाच्या या मुळीचा खरा गुण कोणता व तिच्याकडून कशाची अपेक्षा करू नये, याचा विचार आपण येथे करू.

वाळा हे एक गवत आहे. त्याच्या उंच, ताठ पात्यांना म्हणण्यासारखा गंध नसतो. गंध असतो तो भूमीत सरळ खाली उतरणाऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक मुळांच्या जुडग्यात. संस्कृतात यास उशीर म्हणतात, हिंदीत खस, तर आपले कन्नडभाषिक शेजारी लावंच म्हणतात. तमिळमध्ये त्याला ‘वेट्टिवेर’, म्हणजे खणून काढलेले मूळ, असे नाव आहे व तेच पुढे पाश्चात्त्य भाषांत ‘वेटिव्हर’ म्हणून रूढ झाले.

त्वचेवर वाळा लावण्याची प्रथा फार प्राचीन आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त तिसऱ्या अंकाच्या प्रारंभी प्रियंवदा तापलेल्या शकुंतलेसाठी वाळ्याचा लेप नेत असते. चरकसंहितेत औषधींचे दहा-दहांचे पन्नास गण सांगितले आहेत. त्यांपैकी दाह शमविणाऱ्या गणात उशीर आहे आणि ‘वर्ण्य’, म्हणजे कांतीला हितकर, अशा गणातही आहे.

लेपाने थंड का वाटते? माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही आहे. ओल्या लेपातील पाण्याची वाफ होताना ते त्वचेतील उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले असता खोली थंड होते, तीही याच नियमाने. लेपाचे दुसरे कार्य स्वच्छतेचे. अंगावर हलक्या हाताने चोळलेले चूर्ण जास्तीचे तेल, मळ आणि त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशी काढून टाकते. त्यामुळे अंग नितळ व तुकतुकीत दिसते.

परंतु ‘वर्ण्य’ या शब्दाचा अर्थ ‘गोरे करणारे’ असा लावला जातो, तेथे आमचा मतभेद आहे. त्वचेचा रंग ठरविणारे द्रव्य बाह्य त्वचेच्या खालच्या थरातील पेशींत तयार होते. उटणे चोळून निघतात त्या केवळ वरच्या मृत पेशी. यास्तव कोणत्याही मुळीचे चूर्ण सावळ्याला गोरा करू शकत नाही. आणि तसे करण्याची आवश्यकताही नाही. ते द्रव्य उन्हातील घातक किरणांपासून शरीराचे रक्षण करीत असते. आपला जो वर्ण आहे तो निरोगी व सतेज असावा, एवढीच अपेक्षा रास्त होय. रंगाच्या चिंतेने वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

केसांविषयीही असेच आहे. शिकेकाईत वाळा घालतात. पण मळ काढतो तो शिकेकाईचा फेस, वाळा सुगंध देतो. केसांची वाढ त्वचेखालील मुळाशी होते. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. वाळ्याने केस स्वच्छ व सुगंधी राहण्यास साहाय्य होईल. टकलावर केस उगवतील असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

चूर्ण शक्यतो घरीच करावे. विकतच्या पुडीत काय आहे हे ओळखणे कठीण. मुळी मात्र डोळ्यांना व नाकाला चटकन ओळखता येते. अर्क काढून घेतलेल्या मुळीचा गंध गेलेला असतो, म्हणून हुंगूनच घ्यावी. मुळे धुऊन सावलीत वाळवावीत, कारण कडक उन्हात सुगंधी तेल उडून जाते. मग ती बारीक कातरून खलबत्त्यात कुटावीत आणि चूर्ण वस्त्रगाळ करावे. जाड तंतू राहिल्यास त्वचा ओरखडते. कोरड्या बरणीत ते चांगले टिकते. भिजविलेला लेप मात्र त्याच दिवशी संपवावा. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडा लेप लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. जखमेवर, पिकलेल्या पुटकुळ्यांवर व डोळ्यांजवळ तो लावूच नये. त्वचेचा विकार असेल तर वैद्य किंवा डॉक्टर यांनाच दाखवावे.

आता एक शेवटची गोष्ट. तुळशीची पाने खुडली तरी तुळस पुन्हा फुटते. मुळी काढण्यासाठी मात्र सबंध गड्डाच उपटावा लागतो. वाळ्याची मुळे तीन-चार मीटरपर्यंत खोल जातात आणि उतारावरची माती घट्ट धरून ठेवतात. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातील शेतकरी बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वाळा लावीत आले आहेत. 1980 नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीही मृदसंधारणासाठी त्याचाच पुरस्कार केला. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाने माती वाहून जाते हे आपण दरवर्षी पाहतो. अशा ठिकाणी केवळ उपटून नेणे हा अविचार ठरेल.

सुदैवाने उपाय सोपा आहे. मुळे कापून घेतल्यावर वरचा गड्डा फेकू नये. पाती वीतभर ठेवून छाटावीत, गड्ड्याचे फुटवे वेगळे करावेत आणि पावसाच्या आरंभी चार-पाच बोटांच्या अंतराने ओळीत लावावेत. शाळेच्या आवाराच्या उतारावर अशी एक ओळ लावणे कोणत्याही वर्गास सहज शक्य आहे. जी मुळी आपल्या अंगाला सुगंध देते, तिने भूमीचीही माती राखावी, एवढी व्यवस्था करणे हे तिच्या उपयोगाइतकेच आपले कर्तव्य आहे.