*सिबिलमध्ये कर्ज ‘थकीत’ दिसतंय? बँकेत जाण्याआधी हे वाचा*



ट्रॅक्टर, ठिबक किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलं की बऱ्याच जणांना एकच उत्तर मिळतं, “सिबिल खराब आहे.” ते कशामुळं खराब झालं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते तुम्हाला स्वतः बघता येतं. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तही करून घेता येते, एक रुपया न देता.

*१) रिपोर्ट फुकट मिळतो*
सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क या चार कंपन्या कर्जाच्या नोंदी ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. पॅन कार्ड आणि मोबाईल जवळ ठेवा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण तेवढाच बघून थांबू नका. खाली प्रत्येक कर्जाचा महिनावार तक्ता असतो, खरी गोष्ट तिथं कळते.

*२) तक्ता असा वाचा*
▪️ ००० किंवा एसटीडी – खातं व्यवस्थित
▪️ ०३०, ०६० – तितके दिवस उशीर
▪️ एसयूबी, डीबीटी, एलएसएस – खातं एनपीए
▪️ एक्सएक्सएक्स – त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवली नाही. हा तुमचा उशीर नव्हे.
तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टवर येतं.

*३) पीक कर्जाचा हिशोब वेगळा*
हप्त्याचं कर्ज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की एनपीए होतं. सोयाबीन, तूर, हरभरा अशा कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर, तर वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकाचं एक हंगाम थकल्यावर एनपीए होतं. पण उशिराची नोंद त्याआधीच पडू शकते. म्हणून नवं-जुनं तारखेच्या आत करा. उशीर झाला तर केंद्राची ३ टक्के व्याज सवलतही हातची जाते.

*४) अतिवृष्टी आणि कर्जमाफी*
२०२५ च्या पावसाळ्यात नांदेड-लातूरमध्ये किती नुकसान झालं, ते आपण सगळ्यांनी सोसलंय. अशा आपत्तीत बँक कर्जाचं पुनर्गठन करू शकते, म्हणजे खातं थकीत न धरता मुदत वाढते. मात्र ‘वसुलीला स्थगिती’ आणि ‘पुनर्गठन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या खात्याचं पुनर्गठन झालं का, हे शाखेत विचारा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कर्जमाफीच्या बातमीवर विसंबून भरणा थांबवला, तर मधल्या काळातला उशीर तुमच्याच नावावर चढतो.

*५) नोंद चुकीची असेल तर*
कर्ज फेडलं तरी बाकी दिसते, दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या नावावर आहे, माफ झालेलं खातं अजून थकीत दिसतंय, असं असेल तर:
▪️ त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा.
▪️ बँक शाखेतही लेखी अर्ज द्या. सोबत भरणा पावती आणि बेबाकी दाखला जोडा.
▪️ ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.
▪️ तरीही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी फोन: १४४४८.
सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणजे सिबिल आपोआप दुरुस्त झालं, असं समजू नका. दोन्ही वेगवेगळं तपासा.

*६) उशीर खरोखर झाला असेल तर*
खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही. “पाच हजारात सिबिल वाढवून देतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. थकबाकी भरा, बेबाकी दाखला घ्या आणि पुढचे हप्ते वेळेवर ठेवा. नव्या चांगल्या नोंदींनी जुन्या उशिराचं वजन हळूहळू कमी होतं. तडजोडीत कमी रक्कम भरली तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. जमत असेल तर पूर्ण भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्या.

*७) पीक कर्जाला सिबिल मागतात?*
शेतकऱ्यांना पीक कर्ज देताना सिबिलची अट घालू नका, असं मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं आहे. तरीही शाखेनं अडवलं तर नकार लेखी मागा आणि जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे तक्रार करा.

✅ *या आठवड्यात एवढं करा:* एक रिपोर्ट काढा, तक्ता बघा, जुन्या पावत्या एका पिशवीत ठेवा. रिपोर्ट समजला नाही तर प्रिंट घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, सोबत बसून वाचू. पण ओटीपी कोणालाच सांगू नका, आम्हालासुद्धा नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी