समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी

घरात कोणी आजारी पडले, तर डॉक्टरांची पदवी, अनुभव आणि हातगुण यांची चौकशी दहा ठिकाणी केली जाते. मनाच्या दुखण्याविषयी मात्र विचारण्याचाच संकोच वाटतो. मग कोणीतरी सुचविलेल्या पहिल्याच व्यक्तीकडे माणूस जातो आणि तेथे सूर जुळला नाही, तर ‘समुपदेशनाचा उपयोग नाही’ असे ठरवून गप्प बसतो. या मौनात उपचारांची मोलाची वर्षे निघून जातात. म्हणून समोरची व्यक्ती काय शिकली आहे व कोणत्या पद्धतीने काम करते, हे आधीच जाणून घ्यावे.

शिक्षण कोणाचे काय?

मनोविकारतज्ज्ञ हे मानसोपचारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्यकीय डॉक्टर असतात. मनोविकारांवरील औषधयोजना हे त्यांचे क्षेत्र. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या व मानसोपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांत मात्र मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीपासून अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमापर्यंत सर्व प्रकार आढळतात. त्यामुळे पदवी, प्रशिक्षण आणि अनुभव यांविषयी स्पष्ट विचारावे. त्यात कोणाचाही अनादर नाही.

प्रौढांसाठी संवाद

प्रौढांच्या समुपदेशनात संवाद हेच मुख्य साधन असते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटनेपेक्षा त्या घटनेविषयीचा आपला हट्टी समज अधिक त्रास देतो, हे तिचे सूत्र. ‘सर्वांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे’ या हट्टाचे रूपांतर ‘म्हटले तर आवडेल’ अशा इच्छेत झाले, की मनावरील ओझे हलके होऊ लागते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या कार्यातून हा विचार मराठी घरांपर्यंत पोहोचला.

मुलांसाठी खेळ

लहान मुलाला ‘तुला काय वाटते?’ असे विचारून फारसे उत्तर मिळत नाही. बाहुल्या, चित्रे, माती यांतून ते मन मोकळे करते. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये ‘प्ले थेरपी’ या ग्रंथात याच पद्धतीची मांडणी केली. ‘तासभर नुसते खेळवले’ अशी तक्रार करण्यापूर्वी पालकांनी हे लक्षात घ्यावे. मुलाने सांगितलेला प्रत्येक शब्द समुपदेशक पालकांना सांगत नाहीत. मुलाच्या सुरक्षिततेला धोका असेल तेव्हा मात्र पालकांना विश्वासात घेतले जाते.

कुटुंबासाठी एकत्र बैठक

शाळेची वेळ झाली की मुलाचे पोट दुखते. तपासण्यांत काही आढळत नाही. ‘याला समजावा’ म्हणून पालक त्याला समुपदेशकाकडे नेतात. बोलता बोलता कळते, की धंद्यातील कर्जामुळे आईवडिलांत अबोला आहे आणि आपण घराबाहेर पडलो तर घरात काही विपरीत घडेल, अशी भीती मुलाने घेतली आहे. अशा वेळी एकट्या मुलाला समजावून काय साधणार? साल्वादोर मिनुचिन यांच्यासारख्या कुटुंबोपचारकांनी म्हणूनच व्यक्तीऐवजी घरातील नात्यांच्या रचनेकडे पाहिले. भारतातही १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत राहू दिले आणि उपचारांत सहभागी करून घेतले.

पहिल्या भेटीत चार प्रश्न अवश्य विचारावेत: आपले प्रशिक्षण कोणते? अशा अडचणींवर आपण पूर्वी काम केले आहे का? घरच्यांचा सहभाग कितपत असेल? औषधांची गरज भासल्यास आपण कोणाकडे पाठवता? दोन-तीन भेटींनंतरही विश्वास वाटला नाही, तर दुसरा समुपदेशक शोधावा. उपचार सोडू नयेत.

घरातील कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर मात्र चौकशीत वेळ दवडू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. लोक काय म्हणतील, या विचारापेक्षा आपल्या माणसाचा जीव मोठा आहे.