गाडी चकाचक, पण कंबर धरलेली

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पहाटेपासून एकामागून एक गाड्या पुसणारे कामगार असोत, डिटेलिंगच्या दुकानात तासन्‌तास पॉलिशचे मशीन धरणारे कारागीर असोत की रविवारी घरची गाडी धुणारे हौशी मालक. तक्रारी सारख्याच असतात. कंबर धरते, मनगट ठणकते, खांदा भरून येतो. त्यावर बाम चोळला जातो, पण हातातल्या साधनांकडे लक्ष जात नाही.

आधी कंबर. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीवर किती दाब येतो, हे प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली. सरळ उभे असतानाचा दाब १०० मानला, तर उभ्याने पुढे वाकल्यावर तो साधारण १५० होतो. हातात वजन असेल तर आणखी वाढतो. चाके आणि दरवाजांचा खालचा भाग पुसताना शरीर नेमके असेच वाकलेले असते. खाली चाके असलेले बुटके स्टूल घेतले, तर काम छातीसमोर येते, वाकणे कमी होते आणि उकिडवे बसून गुडघे दुखत नाहीत. टपासाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश किंवा न डगमगणारी पायरी हवी. टायरवर पाय देऊन हात ताणणे खांद्याला जड जातेच, शिवाय ओल्या फरशीवर पडण्याचा धोका असतो.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे १५ लिटरची भरलेली बादली बादलीच्या वजनाशिवाय १५ किलोंची झाली. एका हातात ती नेताना शरीर एका बाजूला झुकते. त्यापेक्षा दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या बऱ्या. कडीला जाड मूठ असेल तर तार बोटांत रुतत नाही.

फडके पिळताना मनगट वळते आणि अंगठ्यावर जोर येतो. हीच हालचाल रोज अनेकदा झाली, की अंगठ्याच्या मुळाशी दुखणे सुरू होऊ शकते. मायक्रोफायबरचे फडके पाणी चांगले टिपते, त्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागत नाही. मात्र ते मुठीत मावेल एवढेच असावे. मोठे, जाड फडके पिळायला अवघड जाते.

सर्वांत जपायला हवे ते पॉलिशच्या मशीनला. त्याची कंपने वर्षानुवर्षे हातात उतरत राहिली, तर बोटांना मुंग्या येतात, पकड सैल होते, थंडीत बोटे पांढरी पडतात. युरोपीय संघाच्या २००२च्या नियमानुसार आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ मीटर प्रतिसेकंद वर्गापर्यंत पोहोचली, की मालकाने कंपने कमी करण्याचे उपाय करायला हवेत. पाच मीटर कंपनाचे मशीन ही पातळी दोन तासांत गाठते. दहा मीटरचे मशीन मात्र अवघ्या अर्ध्या तासात. कंपन दुप्पट झाले, की सुरक्षित वेळ चौथाईवर येतो. म्हणून मशीन घेताना किंमत आणि वॅटबरोबरच माहितीपुस्तिकेतला कंपनाचा आकडा आणि वजनही पाहावे. झिजलेला किंवा एका बाजूला झुकलेला पॅड कंपन वाढवतो, त्यामुळे तो वेळीच बदलावा. मशीन घट्ट आवळून धरल्यास कंपने हातात अधिक शिरतात. ताबा राहील इतकीच पकड पुरेशी असते.

अडचण अशी, की मशीन विकत घेतो एक आणि दिवसभर धरतो दुसराच. खरेदीआधी ते कारागिराच्या हातात देऊन, थोडा वेळ चालवून पाहायला सांगणे हा सोपा मार्ग आहे. स्वस्त मशीनमध्ये मालकाचे वाचलेले पैसे कारागिराचे मनगट फेडत असते. बोटे रात्री बधिर होऊ लागली किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर बाम पुरे, डॉक्टरांकडे जावे. कंपनाने झालेली इजा लवकर ओळखली तर थांबवता येते. उशीर झाला, तर ती भरून येईलच असे नाही.