नवा फोन, जुने सल्ले

माझ्या आत्याने नवा फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने स्क्रीनला ग्लास लावून दिली, कव्हर घातलं, सिम टाकलं आणि सांगितलं, ‘काकू, सगळं चालू करून दिलंय. फक्त पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, मगच वापरा.’ घरी आल्यावर आत्याने घड्याळ बघून आठ तास मोजले. त्या आठ तासांची काहीच गरज नव्हती. गरज होती ती त्या मुलाने दोन मिनिटांत उरकलेल्या कामाकडे बघायची. त्याने तिच्या नावाने एक नवं गूगल खातं काढलं होतं, आणि त्याचा पत्ता काय, पासवर्ड काय, हे कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. वर्षभराने फोन रिक्षात राहिला. नातीच्या बारशाचे फोटो त्या खात्यात होते. ते खातं आम्हाला कुणालाच उघडता आलं नाही.

तेव्हापासून नात्यात, शेजारात कुणी नवा फोन घेतला की मी शेजारी बसून तो लावून देते. आणि दर वेळी तेच दिसतं. नको तिथे धास्ती, हवी तिथे बेफिकिरी.

आठ तासांचा सल्ला आला कुठून? तो खोटा नव्हता, जुना आहे. पूर्वीच्या फोनमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत. त्या पुऱ्या उतरण्याआधीच वारंवार चार्ज केल्या तर त्यांची क्षमता कमी झाल्यासारखी होई, म्हणून सुरुवातीला पूर्ण भरा आणि मग पूर्ण उतरू द्या, असं सांगितलं जाई. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीला ती जुनी खोड नाही. फोन खोक्यातून काढला की लगेच वापरा, वाटेल तेव्हा चार्ज करा. उलट रोज शून्यावर आणणं हेच तिला मानवत नाही. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये राहिली तर ती जास्त वर्षं टिकते.

रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी फुटते, असंही लोक म्हणतात. भरत आली की फोनमधलंच सर्किट वीज घेणं कमी करतं आणि शेवटी थांबवतं. पण शंभर टक्के भरलेली बॅटरी तासन्‌तास गरम राहिली की तिचं आयुष्य घटतं, हे खरं. म्हणून उशीखाली किंवा गादीवर फोन चार्ज करू नका. बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. मोठ्या वॅटच्या चार्जरने लहान फोन जळतो, हीसुद्धा अशीच भीती. फोनला जेवढी पेलते तेवढीच वीज तो मागतो. भीती बाळगावी ती रस्त्यावरच्या स्वस्त, बनावट चार्जरची. भारतात अ‍ॅडॉप्टरवर मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की खरं-खोटं कळतं.

किरणोत्सर्गाबद्दल थोडक्यात. फोनच्या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत, त्या पेशींतले रेणू तोडत नाहीत. तरीही शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवर भारतात १ सप्टेंबर २०१२पासून १.६ वॅट प्रतिकिलो अशी मर्यादा आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असं डायल केलं की बऱ्याच फोनवर तो आकडा दिसतो. आणि उघडी अ‍ॅप्स सारखी सरकवून बंद केल्याने बॅटरी वाचत नाही. तेच अ‍ॅप पुन्हा सुरुवातीपासून उघडायला जास्त खर्च होतो.

आता आत्याच्या फोनकडे परत येऊ. ‘दुकानदाराने चालू करून दिलाय ना, मग झालं,’ हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. त्याच्या हातून सुरू झालेल्या फोनमध्ये तुमच्या कुलपाची किल्ली कधी त्याच्याकडे असते, कधी कुणाकडेच नसते. गूगल खातं हे नुसतं ईमेल नव्हे. फोननंबरांची यादी, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, हरवलेला फोन दुरून शोधण्याची किंवा पुसून टाकण्याची सोय, हे सगळं त्याच खात्याला बांधलेलं असतं. २०१५च्या अँड्रॉइड ५.१पासून आणखी एक कुलूप आहे. लॉक विसरल्यामुळे फोन जबरदस्तीने रीसेट केला, तर तो आधीचं खातं किंवा आधीचा लॉक मागतो. दोन्ही आठवलं नाही तर स्वतःच्याच फोनमध्ये शिरता येत नाही. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल आतल्या फोटोंसकट पुसून टाकू शकतं.

म्हणून खातं घरी, स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवून काढा. आधीचं असेल तर तेच वापरा, दर फोनला नवं कशाला? रिकव्हरीसाठी स्वतःचा चालू नंबर द्या आणि दुसरा घरातल्या एखाद्याचा ईमेल. पत्ता आणि पासवर्ड घरातल्या डायरीत लिहून ठेवा. पासवर्ड लिहू नये हा सल्ला कचेरीसाठी ठीक आहे. पासष्टीच्या माणसासाठी कपाटातली डायरी ही विसरलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित.

‘फोनला बोटाचा लॉक आहे, आता काय होणार?’ चोर फोन उघडत बसत नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्या हातात पडतात. यावर उपाय सिमचा पिन. सिम लॉकची सोय फोनच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्येच असते, पण ती माहीत असलेली माणसं मला फार कमी भेटली. मूळ पिन आपल्या कंपनीकडून विचारून घ्या आणि मगच बदला, कारण तीनदा चुकला की सिम अडतं आणि मग कंपनीकडून पीयूके नावाचा आकडा घ्यावा लागतो. सोबत लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर लॉक असलेल्या फोनवरही ओटीपी वाचता येतो.

बँकेचं अ‍ॅप सुरक्षित असलं की पैसे सुरक्षित, असंही आपण धरून चालतो. हल्ली लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. इन्स्टॉल केलं आणि मागितलेली परवानगी दिली की ते तुमचे मेसेज वाचू लागतं. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते, एपीके म्हणून कधीच येत नाही, मग ती सख्ख्या भावाच्या नंबरावरून आलेली असो. त्याचंच व्हॉट्सअ‍ॅप कुणीतरी ताब्यात घेतलेलं असू शकतं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकड्यांचा टू-स्टेप पिन आजच लावा. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना कधीही लागत नाही.

फोन हरवला की संपलं, असं मानून आम्हीही आत्याचा फोन सोडून दिला होता. तसं करू नका. खोक्यावरचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक त्याच डायरीत उतरवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल केलं तरी तो दिसतो. पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो नोंदवला की ते यंत्र देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालेनासं होतं. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही तिथेच बघता येतं. जुना फोन विकत घेणार असाल तर ‘केवायएम’, मग मोकळी जागा आणि आयएमईआय असा मेसेज १४४२२ वर पाठवून तो चोरीचा नाही ना, हे पैसे देण्याआधी पाहा.

आणि पैसे गेलेच, तर लाजेपायी रात्रभर गप्प बसू नका. १९३० हा राष्ट्रीय सायबर मदतीचा क्रमांक आहे. तक्रार जितकी लवकर पोचेल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या आई-वडिलांच्या, आत्या-मावशीच्या फोनमध्ये हा नंबर स्वतः साठवून द्या, आणि त्यांचं गूगल खातं कुठलं आहे तेही त्याच वेळी विचारून घ्या.