पडदा काळा दिसला म्हणून बोर्ड बाद करू नका

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातले आपले अनेक कारागीर आता छोट्या संगणक बोर्डांच्या कामाकडे वळत आहेत. दवाखान्यातला नंबर दाखवणारा पडदा, दुकानातला भावफलक, यंत्रावरचे आकडे अशा कामांसाठी अख्खा संगणक महाग पडतो. म्हणून तयार मोड्यूल विकत घ्यायचे आणि त्याच्या खालचा बोर्ड आपल्या गरजेप्रमाणे बनवून घ्यायचा, ही पद्धत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आलेले रास्पबेरी पायचे 'कम्प्यूट मोड्यूल ४' या कामी बरेच वापरले जाते. ५५ बाय ४० मिलिमीटरच्या या मोड्यूलवर प्रोसेसर आणि मेमरी असते, पण पडद्याच्या केबलचे सॉकेट नसते. ते आपण आपल्या बोर्डावर द्यायचे असते, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो.

आम्हाला बसलेला धडा

आम्ही एका दुकानदाराला असे बारा बोर्ड बनवून दिले. आमच्या टेबलावरच्या मॉनिटरवर बाराही बोर्डांचे चित्र स्वच्छ दिसले. दुकानातल्या टीव्हीला जोडले, तर पडदा काळा! दुकानदार म्हणाले, "भाई, तुमच्या टेबलावर चालतं, माझ्या दुकानात चालत नाही. पैसे टेबलाचे देऊ की दुकानाचे?" उरलेली रक्कम अडकली. मोड्यूल खराब निघाले असे समजून आम्ही बाराही बदलायला निघालो होतो. तसे केले असते तर नफा तर गेलाच असता, वर पदरचे पैसे घालावे लागले असते.

दोष निघाला एका चिमुकल्या फ्यूजचा. एचडीएमआय सॉकेटच्या १८ क्रमांकाच्या पिनेला ५ व्होल्ट देणारा हा फ्यूज सुट्या भागांच्या यादीत लिहायचा आमच्याकडूनच राहिला होता.

आधी ओळख, मग चित्र

जुन्या टीव्हीची सवय इथे फसवते. तिथे सिग्नल सोडला की पडदा तो दाखवी. एचडीएमआयमध्ये आधी दोघांची ओळख व्हावी लागते. बोर्ड १८ नंबरवर ५ व्होल्ट देतो. पडदा १९ नंबरवर व्होल्टेज परत पाठवून 'मी हजर आहे' असे कळवतो. मग बोर्ड १५ आणि १६ नंबरच्या तारांवरून पडद्याची माहिती वाचतो. ही माहिती किमान १२८ बाइटची असते आणि तीत पडदा कोणते आकारमान दाखवू शकतो ते नोंदलेले असते. चित्र त्यानंतर निघते. बऱ्याच टीव्हींत १९ नंबरचे व्होल्टेज १८ नंबरवरूनच एका रेझिस्टरमधून येते. आमचा मॉनिटर ते स्वतःच्या विजेवर देत होता, म्हणून टेबलावर चूक झाकली गेली.

तपासणीचा क्रम

१) प्रथम वीज पाहा. बोर्ड सुरू होत असताना मोड्यूलपाशी ५ व्होल्ट टिकतात का, ते मीटरने मोजा.

२) मोड्यूल जिवंत आहे का पाहा. सिरियल पोर्ट सुरू करून ठेवा आणि दुसऱ्या संगणकावर संदेश वाचा. अॅडॅप्टर ३.३ व्होल्टचाच वापरा. ५ व्होल्टचा लावल्यास मोड्यूल जळू शकते. संदेश येत असतील तर मोड्यूल ठीक आहे, ते बदलू नका.

३) केबल लावून १८ नंबरवर ५ व्होल्ट आणि १९ नंबरवर किमान २ व्होल्ट मिळतात का पाहा.

४) सेटिंगमध्ये 'पडदा जोडलेला आहे असे समज' ही सूचना देऊन पाहा. चित्र आले तर चित्राच्या तारा ठीक आहेत. दोष १८-१९ मध्ये शोधा.

५) चित्र येते पण आकारमान चुकते, तर १५ आणि १६ नंबरच्या तारा उलटसुलट झाल्या आहेत का पाहा.

६) एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर चित्राच्या चार जोड्या तपासा. जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे का, हे वीज बंद करून नकाशाशी ताडून मीटरने कळते. छोटे आकारमान दिसते आणि मोठ्याला चित्र फाटते, तर तारांच्या आखणीत दोष समजावा. या जोड्या १०० ओहमच्या हिशेबाने, सारख्या लांबीच्या आखाव्या लागतात.

धंद्याची गोष्ट

चौथ्या पायरीवर आमच्या बोर्डाचे चित्र लागले. तीच सूचना कायम ठेवून बोर्ड परत देण्याचा मोह आम्हाला झाला. पण टीव्हीची माहिती न वाचताच चित्र पाठवणारा बोर्ड उद्या टीव्ही बदलल्यावर पुन्हा अडला असता, आणि दुकानदार आमच्या दारात आले असते. आम्ही बाराही बोर्डांवर फ्यूज बसवले आणि चूक आमचीच होती हे दुकानदारांना सांगितले. त्यांनी राहिलेले पैसे दिले.

तेव्हापासून माल देण्यापूर्वी आम्ही तो निदान तीन निरनिराळ्या पडद्यांवर लावून पाहतो, त्यांतला एक गिऱ्हाइकाचा. कारागीर बांधवांनीही हा नियम पाळावा. एक दिवस जास्त लागेल, पण मजुरी बुडणार नाही.